झऱ्यावरचं कुंपण

पाचवं कुंपण कशाचं लावायचं हे ठरवायला रविवारी सकाळी नऊला सगळ्यांनी मागच्या अंगणात हजर राहायचं, असं बाबांनी गुरुवारीच जाहीर केलं होतं. पाणीपुरवठ्यातून ओव्हरसियर म्हणून निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, तरी ते घरात काही सांगत नसत. आदेश काढत असत. कुणी ऐकलं नाही तर तोच आदेश जरा मोठ्या आवाजात पुन्हा काढत.

आधीची चार कुंपणं मागच्या हद्दीलगतच्या त्याच एका चरात मेली होती. मेंदी पहिल्याच वर्षी पिवळी पडली. डुरांटानं दोन वर्षं जगल्यासारखं केलं. रस्त्याच्या दुभाजकावर धूर खाऊन माजणारी कण्हेर इथे मुळापासून कुजली. जास्वंदीला तर आत्यानं लावायच्या दिवशीच विचारलं होतं, "तुला कुणी सांगितलं गं इकडे यायला?"

सून स्वयंपाकघराच्या मागच्या दारात उभी होती. आठ महिन्यांची लेक तिच्या खांद्यावर झोपली होती आणि झोपेतही मुठीत आईचा कान धरून होती. नवरा रविवारच्या पाळीला कारखान्यात गेला होता. जाताना म्हणाला होता, "मी कुठल्याही झाडाच्या बाजूनं आहे असं सांग." असला पाठिंबा या घरात आजवर कुणाच्या उपयोगी पडला नव्हता.

पूर्वी कुंपण ही बाबांची हौस होती. मागे नुसता मोकळा प्लॉट, गवत आणि एखादं भटकं कुत्रं. त्या कुत्र्यापासून लपवण्यासारखं घरात काही नव्हतं. आता तिथे तीन मजली इमारत उभी होती आणि दोन महिन्यांपासून तिच्या नऊच्या नऊ बाल्कन्यांत माणसं होती.

आणि आई मधल्या खोलीत होती.

त्या खोलीत भर दुपारीही दिवा लावावा लागतो. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत आई सकाळी अंघोळ झाली की मागच्या धुण्याच्या दगडावर येऊन बसायची, उन्हाकडे पाठ करून, नात मांडीवर घेऊन. दवाखान्यातल्या इंजेक्शनांनी गेलेले केस तेव्हा नुकते परत यायला लागले होते. आजी-नातीच्या डोक्यावर अगदी एकसारखी लव होती. सून दोघींच्या डोक्यांवरून आळीपाळीनं हात फिरवायची आणि सासूच्या डोक्यावरून असा हात फिरवता येतो याचं तिलाच नवल वाटायचं. आई एकदा म्हणाली होती, "पाठीला ऊन लागलं ना, की वाटतं, आहे मी अजून."

मग एके दिवशी दुसऱ्या मजल्यावरून एक पोर ओरडलं, "ती बघा टकली आजी!" वर कुणीतरी हसलं. हसणारं पोर नव्हतं. आई उठली, आत आली, डोक्याला रुमाल बांधला. त्यानंतर ती त्या दगडाकडे फिरकली नव्हती. डॉक्टर म्हणत होते, उन्हात बसा. पुढच्या तपासणीत काय निघेल ते कुणी बोलत नव्हतं. पण 'पुढच्या वर्षी' हे दोन शब्द घरात आता जपून वापरले जात होते. फक्त बाबाच चारचौघांत खुशाल म्हणत, "कुंपण काय, पुढच्या वर्षीपर्यंत येईल."

---

ताई सासरहून पावणेदहाला आली. हाताखाली प्लॅस्टिकच्या हिरव्या पानांची एक गुंडाळी होती. ती लोकांची ऑफिसं सजवायची, त्यामुळे तिला प्रत्येक जागा आधी रिकामी आणि मग आपली दिसायची.

"ही बघा," तिनं गुंडाळी दगडावर उलगडली. "लोखंडी जाळीवर बसवायची. एका दिवसात काम. पाणी नको, माती नको, काही नको."

आत्या खुर्चीत बसून पाय हलवत होती. बाबांची ही थोरली बहीण. चाळीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये दुसऱ्यांची बोलणी जोडून दिल्यावर आता ती तोडण्यात तिला रस होता.

"बरंय की," ती म्हणाली. "मेलेलंच आणायचं. म्हणजे आपल्या ओव्हरसियरला मारायचे कष्ट नकोत."

"अक्का, आज तरी गप्प बस," बाबा म्हणाले.

"मी कुठे बोलतेय? मी शोकसभेला आलेय."

ताईला हसू आलं, पण तिनं ते गिळलं. बाबांची बाजू घ्यायची ही तिची लहानपणापासूनची सवय होती. बाबा चुकत असतील तेव्हा तर ती जास्तच जोरात घ्यायची. "आत्या, बाबांनी अख्ख्या गावाच्या नळ्या टाकल्यात," ती म्हणाली. "चार झाडं मेली म्हणून काय झालं? माती वाईट आहे."

"माती चांगली आहे," बाबा लगेच म्हणाले. आपली बाजू घेणाऱ्यालाही ते सूट देत नसत. "जिवंत माती आहे. खाली झरा आहे."

झालं. ताईनं आत्याकडे बघायचं टाळलं. हा झरा बाबांना आठ वर्षांपूर्वी सापडला होता. पावसाळा संपून चार-चार महिने झाले तरी हद्दीजवळचा चर ओला राहायचा, तेव्हा बाबांनी निदान केलं होतं की इथे पाण्याची शीर आहे. जुन्या कचेरीतले सहकारी आणून त्यांना ती दाखवून झाली होती. व्याह्यांना दाखवून झाली होती. निवृत्तीनंतर त्यांना पुन्हा कुणीतरी पाण्यासंबंधी विचारत होतं आणि ते उत्तर देत होते. चार कुंपणं गेल्याचं दुःख त्यापुढे किरकोळ होतं.

रोपवाला आला तो थेट चरापाशी गेला. सडसडीत माणूस, गुडघ्यांपर्यंत चिखलाचे जुने डाग. त्यानं कुणाला नमस्कार करण्याआधी मातीचं ढेकूळ उचललं, थुंकीनं ओलं केलं आणि दोन तळव्यांत वळलं. त्याची शेवयीसारखी लांब वळी झाली. ती त्यानं बोटाभोवती गुंडाळली, तरी तुटली नाही.

"साहेब, याच्या कुंड्या चांगल्या होतील," तो म्हणाला.

"आम्हाला कुंपण हवंय," बाबा म्हणाले. "कामिनी ठरवली आहे मी. पांढरी बारीक फुलं, वास चांगला. चर दोन फूट खोदायचा, चिकण माती काढून टाकायची, वाळू आणि पोयटा भरायचा. पंधरा फूट उंची हवी, तिसरा मजला झाकायचाय."

"मागच्या वेळी काय केलं होतं?"

"हेच."

"आणि त्याच्या आधी?"

"हेच," आत्या म्हणाली. "आमच्याकडे पद्धत एकच असते. झाडं बदलतात."

रोपवाल्यानं कुदळीनं चराच्या टोकाला वीतभर खोल खड्डा घेतला आणि शेजारी उकिडवा बसला. सगळे बघत राहिले. थोड्या वेळानं खड्ड्याच्या तळाशी पाणी चमकलं. मग ते हळूहळू चार बोटं वर आलं.

"चिकण मातीत खड्डा खणून भुसभुशीत माती भरली, म्हणजे बादली झाली, साहेब," तो म्हणाला. "पाणी आत येतं, जायला वाट नाही. तुमची झाडं तहानेनं नाही मेली. बुडून मेली. कामिनीला तर पाय ओले ठेवलेले अजिबात खपत नाहीत."

"बांबू?" ताईनं विचारलं. तिनं तोही फोनमध्ये आणला होता.

"साचलेल्या पाण्यात तोही कुजेल. आणि जगलाच तर ताई, तुमच्या स्वयंपाकघरातून वर येईल. माझं ऐका, खोदूच नका. उलट गुडघाभर उंच वरंबा घाला आणि वरंब्यावर निर्गुडी लावा. दांडे खोचले की लागते. ओल सोसते, झपाट्यानं वाढते, शेळी तोंड लावत नाही."

"निर्गुडी!" बाबांनी तो शब्द चप्पल झटकावी तसा झटकला. "ओढ्याकाठचं झुडूप ते! माझ्या घराला?"

"झऱ्याच्या मालकाला ओढ्याची लाज वाटते," आत्या म्हणाली.

रोपवाला अजून खड्ड्यातच बघत होता. "पण साहेब, पाऊस जाऊन चार महिने झाले. समोरच्या गल्लीत माती फुटलीय भेगा पडून. मग हे पाणी येतंय कुठून?"

"सांगितलं ना. झरा आहे."

रोपवाल्यानं बोट बुडवून नाकाशी नेलं.  मग बोट पँटला दोनदा पुसलं, आणि ते ताईनं पाहिलं.

---

मधल्या खोलीच्या खिडकीतून आईला सगळं ऐकू येत होतं.

तिला पाणी कुठून येतं ते आठ वर्षांपासून ठाऊक होतं. निवृत्त झाल्यावर वर्षभरानं यांनी धुण्याच्या दगडापासून सांडपाण्याची नवी नळी टाकली होती. दगडापासून हद्दीपर्यंत, आणि हद्दीनं बाजूच्या गल्लीतल्या गटारापर्यंत. एकट्यानं, स्वतःच्या हातानं, कुणाला शिवू न देता. "कंत्राटदारांनी जन्मभर मला गंडवायला बघितलं, घरात तरी काम चोख होऊ दे." त्यानंतर महिन्याभरानं ती चादरी नीळ घालून पिळत होती. बादली दगडावर ओतली आणि सहज मागे गेली, तर मेंदीच्या चरात निळं पाणी.

ती तिथे बराच वेळ उभी राहिली होती. बाहेरच्या खोलीत तेव्हा हे दोन जुन्या सहकाऱ्यांना सांगत होते, की जमिनीखालचं पाणी ओळखायला नजर लागते.

तेव्हापासून तिनं नीळ बंद केली. यांचे पांढरे सदरे पिवळट दिसायला लागले, वन्संनी टोमणे मारले, "काय गं, साबणसुद्धा मोजून लावतेस का?" तिनं ऐकून घेतलं. एकदा तर यांनी व्याह्यांना चरातलं पाणी पेल्यात गाळून प्यायला दिलं होतं. तिनं धावत जाऊन तो पेला हातातून काढून घेतला होता, "माशी पडलीय" म्हणून. माशी! पूर्ण घराचं धुणं होतं त्यात.

या सगळ्याला ती प्रेम म्हणत आली होती. आज खिडकीपाशी बसून तिला ते नुसतं मूर्खपणाचं वाटत होतं. एका माणसाचा झरा वाहता राहावा म्हणून चार कुंपणं बुडवली. आता पाचवं.

"ठरलं!" बाहेरून यांचा आवाज आला. "कामिनीच. या वेळी वाळू जास्त घालू. आणि हिलाच विचारा ना, तिच्यासाठीच चाललंय सगळं. अगं ए! बाहेर ये. सांग यांना, कामिनी का निर्गुडी?"

ते 'सांग यांना' तिच्या ओळखीचं होतं. त्याचा अर्थ 'मी म्हणतो ते सांग' असा असायचा आणि ती सांगायचीही.

तिनं रुमालाची गाठ चाचपली, उठली आणि स्वयंपाकघराच्या दारातल्या सुनेपाशी आली.

"नीळ आहे का गं घरात?"

सून गोंधळली. "आपल्याकडे नीळ कुठे असते, आई? तुम्हीच तर मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, या घरात नीळ आणायची नाही."

"सांगितलं होतं. आता आण. कोपऱ्यावरून. पोरीला दे माझ्याकडे."

सुनेनं सासूच्या तोंडाकडे पाहिलं आणि चपलाही नीट न घालता गेली.

---

नीळ येईपर्यंत बाबांना राग आला होता. आई नातीला कडेवर घेऊन बाहेर येऊन उभी होती आणि प्रश्नाचं उत्तर देत नव्हती. वर तिसऱ्या मजल्यावर एक बाई कपडे वाळत घालता घालता थांबली होती.

"बोल ना," ते म्हणाले. "लोक खोळंबलेत."

आईनं नात सुनेकडे दिली, बाटलीचं बूच काढलं आणि पाण्यानं भरलेल्या बादलीत अर्धी बाटली रिकामी केली. बादली तिला उचलवेना. ताई पुढे झाली, पण तिच्याआधी आत्या उठली. गुडघे धरत, कण्हत, तिनं बादलीची दुसरी कड धरली. दोघींनी मिळून ती दगडावर ओतली. मग दुसरी. मग तिसरी.

"हा काय पोरखेळ?" बाबा म्हणाले.

"खड्ड्याकडे बघा," आई म्हणाली.

सगळे चराशी गेले. रोपवाला नम्रपणे दोन पावलं मागे सरला. त्याला बहुतेक बोट हुंगल्यापासूनच कळलं होतं. खड्ड्यातलं पाणी आधी गढूळच राहिलं. बाबांच्या चेहऱ्यावर विजय उमटायला लागला. मग एका कडेनं निळी रेघ आत आली, धाग्यासारखी. ती फाकली. बघता बघता सगळा खड्डा शाळेच्या शाईसारखा झाला.

"झरा..." बाबा म्हणाले आणि थांबले.

ताई हसली. तिला हसायचं नव्हतं, पण सकाळपासून गिळलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "आठ वर्षं, बाबा! अहो, माझ्या सासऱ्यांना तुम्ही..."

"दात काढू नकोस!" आत्या कडाडली. सगळे दचकले. "बापाला हसतेस? प्लॅस्टिकची पानं विकणारी तू! त्यानं टाकलेल्या नळ्यांचं पाणी पिऊन वाढलीस. गावात एक नळी उलटी पडली का त्याच्या हातून? एक? घरात पडली. घरात कुणाचं नीट पडतं?"

बाबांना बहिणीचं हे बोलणं तिच्या टोमण्यांपेक्षा जास्त लागलं. टोमणे मारणारी अक्का त्यांना ओळखीची होती. आपली कीव करणारी अक्का त्यांनी आज पहिल्यांदा पाहिली.

ते खड्ड्यात बघत राहिले. आणि त्यांना नळी टाकली ती सकाळ आठवली. पाणी भरलेली लेव्हलची नळी, दोन खुंट्या, शिसपेन्सिल. नोकरीभर दुसऱ्या टोकाला मदतनीस असायचा, लांबचा आकडा ओरडून सांगायचा. लांबचा आधी लिहायचा, जवळचा मग. तीस वर्षांचा हात तसाच वळलेला. घरी दुसऱ्या टोकाला कुणी नव्हतं. ते स्वतःच इकडून तिकडे चालत होते. आधी जवळचा आकडा बघितला, मग लांबचा. आणि हातानं पहिल्याला लांबचा म्हणून लिहिलं. उतार गटाराकडे पडायचा तो अंगणाकडे पडला, आणि पाणी हद्दीवरच्या सांध्यातून चरात झिरपत राहिलं. दोन आकड्यांची अदलाबदल. शिकाऊ पोरानं केली असती तर त्याला त्यांनी कामावरून काढलं असतं.

"तुला कधी कळलं?" त्यांनी विचारलं.

"पहिल्याच वर्षी."

"आणि बोलली नाहीस?"

"तुम्ही लोकांना झरा दाखवायला आणत होतात." आईचा आवाज साधा होता. "तेव्हा माझ्यापाशी वर्षं होती, म्हणून खर्च केली. आता नाहीत. मला ऊन हवंय. कामिनी नको, पंधरा फूट नको, पुढचं वर्ष नको. ऊन."

 बाळानं एक जांभई दिली. बाबा वळले आणि आत गेले. अडगळीच्या खोलीचं दार आपटल्याचा आवाज आला.

"गेला रुसून," आत्या म्हणाली. पण बसली नाही.

सुनेला वाटलं, झालं, आता महिनाभर घरात अबोला, आणि आई पुन्हा मधल्या खोलीत. ताईनं गुंडाळी परत वळायला घेतली. रोपवाल्यानं कुदळ खांद्यावर टाकली.

तेवढ्यात बाबा बाहेर आले. हातात सुतळीचा गुंडा, तीन खुंट्या आणि एक लांब काठी. चेहरा अजून काळवंडलेला होता.

"कुंपण हद्दीवर लावायचं नाही," ते रोपवाल्याला म्हणाले, जणू चूक त्याचीच होती. "हद्दीवरून तिसरा मजला झाकायचा तर पंधरा फूट लागतील. दगडाजवळ आणा. माणूस बसतो तिथून पाच फुटांवर. मग साडेसहा फुटांत भागतं. वरंबा घाला. तुमची ती... निर्गुडीच लावा. किती दिवस?"

"लांब दांडे आणतो, साहेब. पावसाळा निघेपर्यंत तेवढी होईल. नळीचं मात्र आधी बघावं लागेल."

"नळीचं मी बघतो." मग जरा थांबून, ताईकडे न बघता, "आणि दुसऱ्या टोकाला माणूस घेतो. तोवर तुझी ती पानं लाव इथे. जाळी घट्ट बांध."

"मेलेली आहेत ती," आत्या म्हणाली.

"तात्पुरती आहेत," ताई म्हणाली आणि लगेच गुंडाळी उलगडली.

बाबांनी काठी उभी केली, सुतळीचं टोक तिच्या शेंड्याला बांधलं. "दगडावर बस," ते आईला म्हणाले. "बसलेल्या माणसाच्या डोक्याची उंची हवी. अंदाजानं नको."

आईनं वर पाहिलं. तिसऱ्या मजल्यावरची बाई तिथेच होती. दुसऱ्या मजल्यावरही कुणीतरी आलं होतं. आई दगडावर बसली, पाठीवर ऊन घेऊन. बाबा जवळ आले, सुतळी ताणली, डोळा बारीक केला, आणि अडले.

"रुमाल काढ," ते म्हणाले. "दोन बोटं जाडी आहे त्याची. मापात चूक नको."

आईनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"मापाचं तुम्ही बोलताय?"

 बाबांनी सुतळी पुन्हा ताणली. मग त्यांच्या ओठाची एक कड वर गेली, त्यांच्या मनाविरुद्ध.

आईनं मानेमागची गाठ सोडली. रुमाल मांडीवर ठेवला. पांढरी-काळी लव उन्हात दिसायला लागली आणि बाबांनी त्यावर सुतळी अलगद टेकवली.

"हलू नकोस," ते म्हणाले.

"घ्या सावकाश," ती म्हणाली. तिनं डोळे मिटले होते. "मला कसली घाई नाही."